अर्ध्या तिकिटाच्या पुढचं बोलूया
(इस्लामपूर येथे बचत गटांच्या सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज एसटीबद्दल बोलायचं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत आपल्याला अर्धं तिकीट आहे, गाडी साधी असो वा शिवशाही. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. निपाणी-बेळगावला जाताना हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. ७५ वर्षांवरच्या आजींना तर प्रवास मोफत.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. उरलेलं अर्धं भाडं राज्य सरकार महामंडळाला देतं, म्हणजे आपल्याच करातून. म्हणून दरवेळी कंडक्टरकडून तिकीट घ्याच. तिकीट फाडलं तरच आपली नोंद होते.

नोंद कशाला? फेरी टिकायला. एसटीला दहा मिनिटं आहेत म्हणून आपण वडापमध्ये बसतो, गाडी रिकामी जाते, उत्पन्न नाही म्हणून फेरी बंद पडते. मग संध्याकाळी पोरगी स्टँडवर ताटकळते. चार दिवस उशिरा आली की घरचे म्हणतात, "बास झालं शिक्षण." बारावीपर्यंत पास मोफत आहे, पण गाडीच नसेल तर तो पास काय कामाचा?

तर या बैठकीत एवढं करा. बचतीचा हिशोब झाला की गावातून किती मुली, किती बाया, किती वाजता जातात-येतात, ते वहीत लिहा. ग्रामसभेत ठराव घ्या. अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. एकटीचं गाऱ्हाणं स्टँडवरच विरतं; दहा गटांच्या सह्यांचा कागद बाजूला सारता येत नाही.