दवाखाना बांधण्याआधी दार कोणासाठी ते ठरवू

(शाखेच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महाराज, रेल्वे आणि पोस्टातील साथींनो, वस्तीतील माता-भगिनींनो,

क्वार्टर्सच्या मागच्या मोकळ्या जागेवर नवीन हॉस्पिटल व्हावे की नाही, यावर दोन महिने आपल्यात वाद चालू आहे. आम्ही तो सर्वांकडून ऐकून घेतला. वाद झाला हे चांगलेच झाले. ज्या वस्तीत वाद होत नाही, तिथले निर्णय वस्तीबाहेरचे लोक घेतात.

आपल्यात तीन मते आहेत. काही जण म्हणतात, आपल्याकडे मेडिकल कार्ड आहे, हेल्थ युनिट आहे, अडले तर डिव्हिजनल हॉस्पिटलला रेफर करतात, मग नव्याची गरज काय? दुसरे म्हणतात, हॉस्पिटल बांधणे हे सरकारचे काम आहे, युनियनने वर्गणी काढून बांधले तर सरकार हात झटकून मोकळे होईल. तिसरे म्हणतात, एखाद्या खाजगी ट्रस्टला जागा मिळवून द्या, ते बांधतील.

या तिन्ही मतांत एका माणसाचा विचार राहून गेला आहे. गेल्या पावसाळ्यात फलाटावर झाडू मारणाऱ्या आपल्या एका भगिनीला रात्री कळा सुरू झाल्या. ती ठेकेदाराची कामगार. नवऱ्याने तिला जवळच्या एका दवाखान्यात नेले. दारातच विचारणा झाली, कार्ड आहे का? कार्ड नव्हते. तिथून रिक्षाने दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. पहाटे बाळंतपण झाले. बाई वाचली, मूल गेले. आठव्या दिवशी ती कामावर हजर झाली, कारण खाडा पडला तर ठेका सुटतो. तिने झाडलेल्या फलाटावरून आपण रोज ड्युटीला जातो. ती आपली नाही काय?

साथींनो, हा प्रश्न नवा नाही. आपल्यापैकी कित्येकांनी दुर्गहून बालोदमार्गे दल्ली राजहराला जाणाऱ्या शाखेवर ड्युटी केली आहे. तिथल्या खाणीतील लोहखनिज आपल्याच गाड्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात जाते. त्या खाणीत कायम कामगारांना कारखान्याची वैद्यकीय सोय होती, ठेक्यावरच्यांना ती नव्हती. १९७७ मध्ये ठेका कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनच्या सुरुवातीस गोळीबार होऊन अकरा जण शहीद झाले. पुढे त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराविना गेल्या. संघटनेच्या उपाध्यक्षांची ही गत, तर साध्या कामगारणीचे काय झाले असेल?

त्यांनी काय केले ते पाहा. एकदम इमारतीला हात घातला नाही. आधी वस्तीत स्वच्छतेची आणि दारूबंदीची मोहीम घेतली, कारण वाढलेली मजुरी गुत्त्यात जात होती. २६ जानेवारी १९८२ रोजी छोटा शहीद दवाखाना सुरू केला. कामगारांनी स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने इमारत उभी केली, आणि ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल उघडले. उद्घाटनाला मंत्री नव्हता. एका वयोवृद्ध खाण कामगाराच्या आणि एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या हस्ते ते झाले. शिकलेले डॉक्टर आले आणि वस्तीत राहिले. खाणीत काम करणारी माणसे शिकून आरोग्यसेवक झाली. दार कामगारांना उघडे, तसेच आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा खून झाला, पण त्यांचे हॉस्पिटल बंद पडले नाही.

आता दुसऱ्या मताच्या साथींना आमचे उत्तर. त्या लोकांनी दवाखाना बांधला म्हणून मागणी सोडली काय? मुळीच नाही. जुलाबाच्या रोग्याला औषध दिले आणि त्याच वेळी पिण्याच्या शुद्ध पाण्याची मागणीही लावून धरली. यालाच ते ‘संघर्ष और निर्माण’ म्हणत.

परंतु आम्ही भाबडेपणाने बोलणार नाही. दल्ली राजहराची नक्कल आपल्याला जमणार नाही. तिथे हजारो कामगार एका खाणीवर एकवटले होते. आपण विखुरलेले आहोत. इमारत एकदा बांधून होते. नर्सचा पगार, औषधे आणि विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते. कुलूप लागलेली इमारत ही वर्गणी देणाऱ्यांची फसवणूक ठरेल. आणि खाजगी ट्रस्टला जागा दिली, तर उद्या काउंटरवर कार्डाऐवजी पैसे मागतील. झाडूवाल्या भगिनीला दोन्हीकडे नकारच.

म्हणून कार्यकारिणीतर्फे आम्ही तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, हेल्थ युनिट वाढवावे, तिथे रात्रीची नर्स आणि बाळंतपणाची सोय असावी, आणि अडल्या वेळी ठेका कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कार्ड न विचारता आत घ्यावे, ही मागणी डी.आर.एम. साहेबांकडे न्यायची.

दुसरी, ठेकेदारांची कागदपत्रे तपासायची. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यापासून हे तत्त्व चालत आले आहे की ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची. जिथे विमा लागू आहे, तिथे पगारातून पैसे कापले जातात आणि माणसाच्या हाती विम्याचा नंबर नाही, असे घडता कामा नये. प्रत्येक पाळीतल्या दोन साथींनी ही यादी महिनाभरात तयार करावी. पोस्टातील साथींनीही अशीच यादी करावी. ग्रामीण डाक सेवकांची वैद्यकीय सोयीची मागणी जुनी आहे, ती आपलीही समजावी.

तिसरी, युनियन ऑफिसच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना सुरू करायचा. दोन निवृत्त नर्सभगिनींनी होकार दिला आहे, एका डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. रात्रीच्या रिक्षासाठी वेगळा निधी ठेवू. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहू. वर्षभर हे नीट चालले, तर मोठ्या हॉस्पिटलचा विषय पुन्हा सभेपुढे आणू. नाही चालले, तर तेही आम्ही याच ठिकाणी उभे राहून सांगू.

मतदान हात वर करून होईल. ठेक्यावरचे साथी मागे उभे आहेत, त्यांनी पुढे येऊन बसावे. या प्रश्नावर त्यांचाही हात मोजला जाईल, असा ठराव आम्ही सर्वांत आधी मांडत आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!