जाण्याचा काळ, येण्याचा काळ



लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 5,500 किलोमीटर.

अंतर तेच, परंतु लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास सुमारे 8 तास लागतात,
आणि परतीस सुमारे 7.

याचे कारण असे, की ज्या उंचीवरून विमाने मार्गक्रमण करतात,
तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वेगाने वाहणारे वारे
पूर्वेस जाणाऱ्या विमानास साहाय्य करतात,
आणि पश्चिमेस जाणाऱ्यास विरोध.

1919 साली ॲलकॉक आणि ब्राऊन या धाडसी जोडीने
न्यूफाउंडलंडहून पूर्वेकडेच, आयर्लंडच्या दिशेने, उड्डाण केले,
आणि अटलांटिक महासागर प्रथमच विनाथांबा, सुमारे 16 तासांत, ओलांडला.

तेव्हा श्रोतेहो, ध्यानात असावे:
प्रवासाचा काळ केवळ अंतरावर नव्हे,
तर वाऱ्याच्या दिशेवरही अवलंबून असतो.