रोड बाइक घेताय? मग पैसे कुठे घालायचे, कुणासोबत जायचं आणि कुठे फिरायचं

(भागाचं शब्दांकन. बोललेलं बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय, फक्त "अं... म्हणजे" तेवढे काढलेत.)



गेल्या दोन महिन्यांत तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यातले निम्मे एकाच विषयावर होते. "दादा, पन्नास हजार बजेट आहे, कुठली रोड बाइक घेऊ?" आज त्याचं उत्तर देतो, पण मॉडेलचं नाव सांगणार नाही. मॉडेल दर सहा महिन्यांनी बदलतात. काय बघायचं हे एकदा कळलं की दुकानात तुम्हाला कुणी गुंडाळू शकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पन्नास हजार बजेट म्हणजे पन्नास हजारांची सायकल नाही. चाळीसची सायकल आणि दहाचं बाकीचं. हे बाकीचं म्हणजे हेल्मेट, पुढचा-मागचा लाइट, पॅड असलेली शॉर्ट, दोन जादा ट्यूब, टायर लिव्हर, पॅच आणि छोटा पंप. ज्यांनी सगळे पैसे सायकलवरच घातले, ते पहिल्या महिन्यात लाइटशिवाय पहाटे पाचला बाहेर पडतात. ते बघून मला खरंच भीती वाटते.

आता सायकल. सगळ्यात पहिला प्रश्न असतो वजनाचा. "नऊ किलोची घेऊ की दहाची?" मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे हिशोबच मांडतो. पुण्याचा सिंहगड घ्या. पायथ्यापासून वर वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरचा चढ, सरासरी सात टक्क्यांच्या आसपास. तुमचं वजन ७५ किलो, सायकल १० किलो, म्हणजे एकूण ८५. नवीन माणूस हा चढ ताशी आठ किलोमीटरने चढला तर साधारण तासभर लागतो. सायकल एक किलोने हलकी केली तर एकूण वजन सव्वा टक्क्याहून कमी घटलं. चढावर वेळही जवळपास त्याच प्रमाणात वाचतो. म्हणजे तासाभरात पाऊण मिनिट! त्या एका किलोसाठी दुकानदार तुमच्याकडून वीस-तीस हजार जास्त मागतोय. पाऊण मिनिट आधी पोचून तुम्ही काय करणार, तर पिठलं-भाकरीची ऑर्डर देणार.

मग बघायचं काय? गिअर. हे कुणी सांगत नाही म्हणून नीट ऐका. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, हे गुणोत्तर काढायचं. रोड बाइकच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो. पुढची लहान चक्री ३४ दातांची आणि मागची सगळ्यात मोठी २८ दातांची असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. ताशी आठच्या वेगाला मिनिटाला ५२ फेरे पडतात. मागे ३४ दात असतील तर ६३ फेरे. जुन्या रेसिंग सायकलींवर पुढे ३९ आणि मागे २५ असायचे, तिथे ४१ फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर किती लावावा लागतो बघा! गुडघे दुखतात ते इथेच. आपल्याकडे घर सोडलं की तासाभरात घाट लागतो. त्यामुळे पुढे ५०/३४ आणि मागे किमान ३२ दातांची कॅसेट असलेली सायकल मागा. दुकानात मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा, लाजू नका.

शिमानोचा क्लॅरिस गट आठ गिअरचा, सोरा नऊचा, टियाग्रा दहाचा. पहिल्या सायकलीला क्लॅरिस किंवा सोरा पुरेसा आहे. वरच्या गटात शिफ्टिंग जास्त मऊ होतं हे खरं. पण घाट चढायला ३२ दात लागतात, गटाचं नाव लागत नाही.

दुसरं, टायर. फ्रेममध्ये किमान २८ मिलिमीटरचा टायर बसतो का, हे विचारा. ३२ बसत असेल तर उत्तमच. आपल्या रस्त्यांवर २३ चा टायर म्हणजे प्रत्येक खड्ड्याची बातमी थेट मणक्याला. आणि हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची नसते. तो आकडा मर्यादा असतो, शिफारस नसते. वजन सत्तरच्या आसपास आणि टायर २८ चा असेल तर सत्तर-पंचाहत्तर पीएसआयपासून सुरुवात करा, मग थोडं वर-खाली करून बघा. बहुतेक रोड बाइकला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्यावर पेट्रोल पंपाची हवा बसत नाही. त्यासाठी पितळेचा एवढासा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

पंक्चर काढल्यावर नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, जपून. काच किंवा बारीक तार तिथेच अडकलेली असते. ती काढली नाही तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते.

तिसरं, ब्रेक. पावसाळ्यात चालवणार असाल आणि बजेटमध्ये बसत असेल तर डिस्क घ्या. रिम ब्रेक वाईट नाहीत. पण ओल्या रिमवर ते उशिरा पकडतात, आणि घाट उतरताना तो उशीर महाग पडतो.

चेन विसरू नका. पावसातून आलात की पुसायची, कोरडी करायची, तेल द्यायचं, जास्तीचं पुन्हा पुसून काढायचं. झिजली का ते साध्या फुटपट्टीने कळतं. नवीन चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं तर चेन बदला. नाहीतर ती कॅसेटही खाते, आणि कॅसेट चेनपेक्षा महाग असते.

चला, आता मेंबरशिप.

इथे मला एका मित्राबद्दल सांगायचंय. ऑफिसमधलाच. गेल्या वर्षी त्याने सायकल घेतली, एका ग्रुपमध्ये पैसे भरले, जर्सी आली, फोटो आले. तिसऱ्या रविवारी शहरापासून तीस-बत्तीस किलोमीटरवर त्याचं पंक्चर झालं. पुढचे थांबले नाहीत. ग्रुपवर मेसेज टाकला तर कुणीतरी अंगठा दाखवला! एका टेम्पोवाल्या काकांनी त्याला घरी आणलं. त्यानंतर सायकल बाल्कनीत गेली, ती सात महिने तिथेच आहे. हँडलवर टॉवेल वाळतात. ग्रुपचं नाव मी घेणार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण अशी सायकल तुमच्या सोसायटीतही कुठल्यातरी बाल्कनीत असेल.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, सगळ्यात मागे कोण असतो? चांगल्या ग्रुपमध्ये शेवटच्या माणसाच्या मागे एक अनुभवी माणूस मुद्दाम ठेवलेला असतो. दोन, राइडचा वेग आधी सांगता का? "सोपी राइड" याला काही अर्थ नाही. "सरासरी २० किलोमीटर, ठरावीक थांबे" याला आहे. तीन, हेल्मेट आणि मागचा लाइट नसेल तर तुम्ही माणसाला परत पाठवता का? तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर डोळे झाकून जा. बरेच चांगले ग्रुप फुकट आहेत, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात. फी भरली म्हणजे काळजी घेतली जाईल असं नसतं.

स्ट्राव्हाचे पैसे भरायचे का? पहिलं वर्षभर नको. राइड नोंदवणं फुकटात होतं, आणि मोबाइलवरून घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवणारं बीकनही फुकट आहे. मात्र घाटात रेंज जाते. मग घरी आई नकाशावर थांबलेला ठिपका बघत बसते. त्यामुळे निघतानाच सांगा: "अमुक ते अमुक रेंज नसेल, साडेअकरापर्यंत फोन आला नाही तर काळजी कर, त्याआधी नको."

आणि एक गोष्ट, जिची मेंबरशिप कुणी विकत नाही: वैयक्तिक अपघात विमा. ऑफिसचा आरोग्य विमा असतोच, पण हात मोडून तीन महिने घरी बसलात तर पगाराचं काय? पॉलिसी काढून वाचा. शर्यती आणि साहसी खेळ वगळलेत का, हे त्यात लिहिलेलं असतं.

लांब चालवायची हौस असेल तर बीआरएम बघा. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या राइड्स. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात की झालं. चारही अंतरं एकाच हंगामात केलीत तर तुम्ही सुपर रँडोनर. २०० चा हिशोब करा, थांबे धरून ताशी पंधराच्या आत येतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला चार-पाच महिन्यांच्या सरावाने जमण्यासारखं आहे. रात्री लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं. वाटेत तुमचं पंक्चर तुम्हीच काढायचं, मागे मदतीची गाडी नसते. हे शिस्तीचं वळण एकदा लागलं की पुढे सगळीकडे उपयोगी पडतं. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर बरं का, २०१५ मध्ये जोडीने रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पुरी केली. नोकरी-धंदा सांभाळून हे होतं, एवढं लक्षात ठेवा.

आता सगळ्यांचा आवडता भाग, रस्ते!

पुण्यात असाल तर पहिले दोन महिने खडकवासला, पुढे धरणाच्या पाण्याकडेने पानशेत. चढ-उतार आहेत पण अंगावर येणारे नाहीत. मग जुना कात्रज घाट. मग सिंहगड, पण रविवारी सकाळी नऊनंतर नको. तेव्हा वर जाणाऱ्या गाड्या आणि उतरणाऱ्या गाड्या यांच्यामध्ये तुम्ही सापडता. त्यानंतर पौड, मुळशी, ताम्हिणी. पावसाळ्यात ताम्हिणी बघावा तर मंगळवार-बुधवारी. शनिवार-रविवारी धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तेव्हा "थोडंसंच अंतर" म्हणूनही शिरू नका.

सातारकरांना कास आहे, साधारण पंचवीस किलोमीटर. फुलं सप्टेंबरमध्ये, पण चढ बाराही महिने. कोल्हापूरकरांना पन्हाळा. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर.

पण आयुष्यात एकदा तरी करावा असा रस्ता विचाराल तर कोकणचा किनारा. मुंबईकरांनो, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सायकल घेते. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. पुढे आगरदांड्याहून बोटीने दिघी. मग दिवेआगर ते श्रीवर्धन, शेखाडीवरून जाणारा रस्ता. तिथे समुद्र अगदी शेजारी असतो. हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. पुढे दाभोळहून धोपावे, गुहागर, तवसाळहून जयगड आणि गणपतीपुळे. खाडी आली की सायकल बोटीत घालायची आणि शेंगदाणे खात बसायचं. पण किनारा म्हणजे सपाट, या समजुतीत जाऊ नका. प्रत्येक खाडीनंतर टेकडी आहेच. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर ठेवा, सुटे पैसे जवळ ठेवा, शेवटच्या बोटीची वेळ गावात विचारून घ्या.

शेवटी उतार. चढावर माणूस दमतो, पडतो तो उतारावर. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि माती एकत्र येते. इंद्रधनुष्याचे रंग दिसले की तिथे डिझेल सांडलंय असं समजा. कुत्रं मागे लागलं तर वेग कमी करा. तरी आलंच तर उतरा आणि सायकल मध्ये धरा. हेल्मेटवर एकदा मोठा आपटा बसला की ते बाद. वरून धडधाकट दिसलं तरी.

या आठवड्याचं काम सांगतो. सायकल नसेल तर घेऊ नका एवढ्यात. मित्राची किंवा भाड्याची घेऊन तीन सकाळी वीस-वीस किलोमीटर चालवा. सायकल असेल तर घरी बसून मागची ट्यूब एकदा काढा आणि परत बसवा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटांच्या आत जमलं तर तुम्ही शहराबाहेर जायला तयार आहात. आणि तुमच्या सोसायटीत टॉवेल वाळवणारी एखादी सायकल असेल, तर तिच्या मालकाला येत्या रविवारी सोबत घ्या आणि तुम्ही त्याच्या मागे राहा. मीही माझ्या मित्राला विचारलंय. तो म्हणाला, "बघू." बघू म्हणजे नाही, असं अजून तरी मी धरलेलं नाही.

प्रश्न व्हॉइस मेसेजने पाठवा, गिअरचे दात मोजून पाठवलेत तर हिशोब करून देईन. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!