खाकीतला माणूस गावाचा की सरकारचा?

(गेल्या महिन्यातल्या गावसभेत एका निवृत्त पोलीस हवालदाराने केलेले भाषण. ते आपल्याच भागातले आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव छापलेले नाही.)



आपल्या गावची तीन पोरं यंदा पोलीस भरतीला चाललीत. मघाशी एका भावाने विचारलं, यांना संघटनेत धरायचं की नाही? मी त्याच खात्यात जन्म काढला. म्हणून खरं काय ते सांगतो.

माझा बाप फॉरेस्ट प्लॉट कसायचा. कधी दंड भरून, कधी गार्डाला कोंबडी देऊन. जमीन कसणाऱ्याची, हे मला कोणी शिबिरात शिकवलं नाही. पण वर्दी चढली की मोर्चात चालता येत नाही, राजकीय सभेत बोलता येत नाही. पोलिसांसाठी १९६६ चा तसा कायदाच आहे. मतदान करायचं, बाकी मत पोटात ठेवायचं.

मे २००२ मध्ये दिल्लीहून पत्र निघालं, जंगलातली अतिक्रमणं ३० सप्टेंबरच्या आत काढा. भादव्यात बंदोबस्ताला बाहेरच्या ठाण्यांची माणसं घेतली, त्यात मी. गाडीतून उतरलो तर समोर माझ्या सख्ख्या चुलत्याचा प्लॉट. नागली पोटरीत आलेली. फॉरेस्टवाल्यांनी तिच्यात जनावरं घातली. चुलती माझं नाव घेऊन ओरडत होती. मी काठी उगारली नाही, पण तोंडही उघडलं नाही. हे आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर कबूल करतो.

रात्री साध्या कपड्यात त्यांच्या घरी गेलो. चुलतीने पाणी विचारलं नाही. चुलता दंडाची पावती चुलीत टाकत होता. मी हात धरला. म्हटलं, "काका, हा कागद जाळू नका. उद्या कामाला येईल." पोलिसाला एवढं कळतंच.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. मी इतकी वर्षं पोटात दाबलं, ते सरकारनेच लिहिलं! दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवावा लागतो. चुलत्याची २००२ ची पावती तिथे लागली. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवलं, त्यानेच हक्कदार ठरवलं. दावा तीन एकरांचा होता, पट्टा दीडच एकराचा आला. त्याचं अपील चालू आहे.

मग पोरांना पाठवायचं का? पाठवा. पण कायदा वाचून पाठवा. कलम ४(५) पाठ करा. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या जमिनीवरून कोणाला हुसकता येत नाही. पोरांनो, बंदोबस्ताला नेलं तर साहेबांना अदबीने विचारा, लेखी आदेश आहे का, दाव्याचा निकाल लागलाय का. कोणी बाई फिर्याद घेऊन आली तर ती सांगते तशी लिहा, वाचून दाखवा, एफआयआरची नक्कल फुकट द्या. हे संघटनेचं काम नाही, तुमच्या नोकरीचंच आहे.

गावानेही एक पाळावं. बंदोबस्ताची बातमी फोड, केस दाब, असं त्यांना सांगू नका. आज तुमच्यासाठी दाबेल, तो उद्या सावकारासाठी दाबेल.

मी गप्प राहिलो तेव्हा हा कायदा नव्हता, हे खरं. पण मी भ्यालो होतो, हेही खरं. पोरांनाही भीती वाटेल. तेव्हा त्यांना घरी येऊन बोलता आलं पाहिजे. त्यांना पाणी विचारा.

जोहार!