विम्याचा हप्ता आणि मालकाचा धर्म



अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या ग्रीन कुटुंबाची ‘हॉबी लॉबी’ नावाची दुकानं आहेत. चित्रांच्या चौकटी, लोकर, मणी, कागदी फुलं असा माल. मंडळी ख्रिस्ती आणि मनापासून धार्मिक. गिऱ्हाईक बुडालं तरी रविवारी दुकान बंद. मी बोलणार आहे त्या काळात या कंपनीत सुमारे १३,००० माणसं कामाला होती.

२०१० साली ओबामांच्या कारकिर्दीत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असतील तर मालकानं त्यांचा विमा उतरवायचा. पुढे नियम निघाला, की त्या विम्यात स्त्रियांना गर्भनिरोधनाची मान्यताप्राप्त २० साधनं पदरचा पैसा न घालता मिळावीत. ग्रीन कुटुंबाची १६ साधनांना हरकत नव्हती. अडलं ते चारांवर: संबंधानंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि गर्भाशयात बसवायची दोन साधनं, आपल्याकडच्या तांबीच्या जातीची. यांमुळे फळलेलं बीज रुजत नाही, म्हणजे हा गर्भपातच, असं त्यांचं म्हणणं. अनेक डॉक्टरांना ते पटत नाही. पण कुटुंब दाद मागायला गेलं तेव्हा न्यायालय त्या वादात शिरलंच नाही. श्रद्धा प्रामाणिक आहे ना, एवढंच त्यानं पाहिलं. ही चार साधनं वगळून विमा दिला असता तर कंपनीला वर्षाला सुमारे ४७ कोटी ५० लाख डॉलर दंड बसला असता.

३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. आधार घेतला १९९३च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा. आता या कायद्याचं मूळ बघा. ऑरेगनमध्ये दोन कामगारांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या धर्मविधीत पेयोटी नावाचं निवडुंग खाल्लं. नोकरी गेली, बेकारभत्ताही मिळाला नाही आणि १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हात वर केले. त्यावर ओरड झाली आणि हा कायदा आला. कामावरून काढलेल्यांच्या दुःखातून निघालेला कायदा एकवीस वर्षांनी मालकांच्या कामी आला, हे मला तरी विपरीत वाटतं.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मत लिहिलं. आज गर्भनिरोधन, उद्या काय, असं त्यांनी विचारलं. कुणा पंथाला रक्त देणं मान्य नाही, कुणाला लस. डुकरापासून काढलेल्या औषधांचा आणि जिलेटिनच्या गोळ्यांचा उल्लेख करताना त्यांनी मुसलमान, ज्यू यांच्याबरोबर काही हिंदूंचंही नाव घेतलं आहे. उद्या एखादा शाकाहारी मालक कॅप्सूलला आडवा आला तर काय करायचं?

मुळात हे त्रांगडं झालं कसं? दुसऱ्या महायुद्धात सरकारनं पगारवाढ गोठवली, तेव्हा कारखानदारांनी माणसं टिकवण्यासाठी विम्याचं आमिष दाखवलं. पुढे करसवलत मिळाली आणि विमा नोकरीला चिकटला तो चिकटलाच. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी मराठी घरांचा विमाही असाच नोकरीच्या दावणीला बांधलेला आहे. माझ्या मते हा विमा म्हणजे मालकानं घातलेली भीक नव्हे, तो कष्टाच्या मोबदल्याचाच भाग. पगाराच्या नोटांतून बाईनं काय घ्यावं हे मालक ठरवत नाही. मग त्याच पगाराच्या विम्यातून काय घ्यावं हे त्यानं का ठरवावं?

आपल्याकडे र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. कॉलेज मिशनऱ्यांचं. पण तिथे आक्षेप नोकराच्या बोलण्यावर होता, त्याच्या औषधाच्या बिलावर नव्हता.

बहुमताच्या बाजूनं न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं, की यात बायकांचं काही बिघडत नाही. धार्मिक संस्थांच्या बाबतीत विमा कंपनी वेगळा खर्च करते, तसा इथेही करील; नाहीतर सरकारनंच पैसे भरावेत, तो तर सर्वांत सरळ मार्ग. सरकारनं काही तो मार्ग धरला नाही. उलट ट्रम्प सरकारनं सूट वाढवली, विमा कंपनीची ती सोयही मालकाच्या मर्जीवर सोडली आणि २०२०मध्ये न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ते नियम उचलून धरले. तांबीसारखं साधन बसवून घ्यायचा खर्च किमान वेतनावरच्या बाईच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढा होतो, हे गिन्सबर्ग यांनी २०१४मध्येच लिहून ठेवलं होतं.