मोठे ध्येय आणि खात्रीची वाट

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आता ज्या गोष्टीला टाळ्या पडत नाहीत, पण जिच्यावर पुढची वीस वर्षे अवलंबून असतात, तिच्याविषयी थोडे बोलावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे प्रवेशाचा अर्ज.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका मुलाचा याच व्यासपीठावर सत्कार केला. वडील सफाई खात्यात, आई धुणीभांडी करणारी. मुलगा हुशार. त्याने अभियांत्रिकीच्या पसंतीक्रमात फक्त पाच नावे लिहिली, पाचही राज्यातली सर्वांत नामांकित. कोणीतरी त्याला सांगितले होते की, लहान कॉलेजांची नावे लिहिली की मोठे कॉलेज हातचे जाते. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही. पुढच्या फेऱ्यांतही त्याने यादी बदलली नाही. फेऱ्या संपल्या आणि मुलगा घरी बसला. एक वर्ष गेले, दुसरे गेले, मग घरच्यांना त्याच्या पगाराची गरज पडली. आम्ही त्याला शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. पण अर्ज भरताना त्याच्या शेजारी तासभर बसायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. हा दोष त्या मुलाचा नाही, आमचा आहे. म्हणून आजचे हे बोलणे.

भगवान बुद्धांच्या चरित्रात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. अतिश्रमाने त्याच्या पायांतून रक्त आले आणि तो निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर सूर निघतो काय? फार सैल ठेवली तर निघतो काय? प्रवेशाचेही तसेच आहे. फक्त आय.आय.टी., नाहीतर काहीच नको, ही ताणलेली तार. आपल्याला कुठले मिळणार, म्हणून अर्जच न करणे, ही सैल तार. आपल्या समाजात दोन्ही प्रकार आढळतात. दुसरा प्रकार अधिक, हे दुःखाने सांगावे लागते.

सैल तारेविषयी आधी बोलू. आज देशात २३ आय.आय.टी. आणि ३१ एन.आय.टी. आहेत. केंद्राच्या या संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, तर राज्यातील प्रवेशात १३ टक्के जागा राखीव आहेत. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्रात हा हक्क मिळाला. आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना २०१६ पासून शिकवणी शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र वेगळा. हे ठाऊक नसल्यामुळे 'आपल्याला परवडणार नाही' म्हणून कितीतरी मुले परीक्षेचा अर्जसुद्धा भरत नाहीत. हा आपला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

आता ताणलेल्या तारेविषयी. आमची विनंती आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने कॉलेजांचे तीन गट करावेत. पहिला गट उंच उडीचा: मागील वर्षी जेथे आपल्यापेक्षा बरेच वरच्या क्रमांकावर प्रवेश बंद झाले ती कॉलेजे. दुसरा गट जुळणारा: जेथे आपला क्रमांक मागील दोन-तीन वर्षांच्या शेवटच्या क्रमांकाच्या आसपास येतो. तिसरा गट खात्रीचा: जेथे आपल्यापेक्षा पुष्कळ मागच्यांनाही प्रवेश मिळाला. तिन्ही गटांत नावे हवीत, आणि तिसरा गट रिकामा ठेवूच नये. खात्रीचे कॉलेज निवडताना मात्र एक प्रश्न स्वतःला विचारावा: येथे खरोखर जावे लागले तर मी मन लावून शिकेन काय? उत्तर नाही असेल तर ते खात्रीचे कॉलेज नव्हे, ती केवळ भरती.

हे आकडे पाहताना दोन घोटाळे होतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण किती जणांना मिळाले, हे तो आकडा सांगतो. दुसरे असे की, केंद्रीय प्रवेशाच्या तक्त्यात राखीव जागांपुढे छापलेला शेवटचा क्रमांक हा त्या प्रवर्गातील क्रमांक असतो. त्याची तुलना आपल्या सर्वसाधारण क्रमांकाशी केली तर मुलगा उगाच घाबरतो.

आता पसंतीक्रम. ज्या गैरसमजाने त्या मुलाचे वर्ष गेले, तो येथेच दूर करू. यादी संगणक वरून खाली वाचतो. पहिल्या नावावर तुमचा क्रमांक बसला नाही तर दुसरे पाहतो, मग तिसरे. वर मोठे नाव लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही, आणि खाली साधे नाव लिहिल्याने वरची जागा हुकत नाही. म्हणून क्रम मिळण्याच्या शक्यतेप्रमाणे लावू नये, खऱ्या आवडीप्रमाणे लावावा आणि यादी लांब ठेवावी. केंद्रीय प्रवेशात नावांना मर्यादा नाही. राज्याच्या प्रवेशातही भरपूर नावे लिहिता येतात. एक सावधगिरी मात्र हवी. राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिलेच नाव मिळाले तर ती जागा पक्की समजली जाते, पुढच्या फेरीची आशा राहत नाही. म्हणून पहिले नाव विचार करूनच लिहावे. नियम दरवर्षी थोडे बदलतात. माहितीपत्रक पूर्ण वाचावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

वर्ष मोडून पुन्हा परीक्षा द्यावी काय, असे पालक विचारतात. जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत, दोनच वेळा देता येते. घरची परिस्थिती, मुलाची तब्येत आणि पहिल्या प्रयत्नातील गुण, तिन्ही पाहून ठरवावे. हट्ट म्हणून वर्ष मोडू नये.

कागदपत्रांचे सांगितल्याशिवाय हे बोलणे पुरे होणार नाही. जातीच्या दाखल्यासोबत राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते निकालानंतर धावपळ करून मिळत नाही. अकरावीतच अर्ज करावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावी पडलेला असतो, नावात काना-मात्रेचा फरक असतो. हे सारे दुरुस्त होण्यास महिने लागतात. केंद्रीय संस्थांना त्यांच्या विहित नमुन्यातला दाखला लागतो. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. आणि एक गोष्ट पालकांनी पक्की ध्यानात ठेवावी: व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. फेऱ्यांतून मिळालेली मध्यम कॉलेजातली जागा ही कर्ज काढून घेतलेल्या जागेपेक्षा कितीतरी बरी.

खात्रीच्या वाटेला कमी लेखण्याची सवयही सोडली पाहिजे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. कराड, अमरावती येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये साठीच्या दशकापासून खेड्यापाड्यांतील मुलांना घडवीत आली आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. ज्यांना दुसरीकडे दार उघडत नव्हते त्यांच्यासाठी ती दारे होती. त्यांतून प्राध्यापक, लेखक, अधिकारी निघाले. दाराच्या उंचीपेक्षा आत शिरून आपण काय केले ते महत्त्वाचे.

स्वतः बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१६ साली लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडन सोडताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मुंबईत १९१८ साली सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी पत्करली, पैसा साठवला, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली डी.एस्‌सी. झाले. ध्येय सोडले नाही, आणि मधल्या काळात रिकामेही बसले नाहीत. आजच्या विषयावर याहून मोठा धडा आम्हांस दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यादीत तुमचे नाव कुठे लागले यावरून तुमची किंमत ठरत नाही. मोठ्या संस्थेत गेलात तर तेथे एकटे वाटेल, कोणी टोचूनही बोलेल; तेव्हा आम्हांला कळवा, मनात कोंडून ठेवू नका. साध्या कॉलेजात गेलात तर लाजू नका. पालकांनीही शेजारच्या मुलाचे नाव घेऊन आपल्या मुलाला घायाळ करू नये.

शेवटी मंडळाच्या वतीने एक वचन देतो. प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात आमचे काही शिकलेले कार्यकर्ते बसतील. गुणपत्रिका, दाखले आणि कच्ची यादी घेऊन या. तुमची यादी पूर्ण वाचल्याशिवाय आम्ही उठणार नाही. त्या एका मुलाचे आमच्यावर ऋण आहे. त्याची फेड आम्ही तुमच्या अर्जांतून करू इच्छितो.

नमो बुद्धाय! जय भीम!