एका ओळीची दुरुस्ती

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मैलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुक्त सॉफ्टवेअरच्या सूचनापुस्तिकांत लहानसहान दुरुस्त्या करणे हा आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडली असल्यास नवल नाही. हा विषय एखाद्या अभियंत्याने मांडावयाचा. केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे आणि मसुदे लिहिण्यात हयात घालविलेल्या कलाशाखेच्या पदवीधराचा येथे काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु नेमक्या याच कारणासाठी मी तो निवडला आहे. या कामात आज उणीव आहे ती काळजीपूर्वक वाचणाऱ्या माणसांची, आणि तशी माणसे या सभागृहात भरपूर आहेत.

प्रथम मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. संगणकाला कामाला लावणारी आज्ञावली साधारणतः कंपनीच्या मालकीची असते. ती आतून कशी लिहिली आहे हे ग्राहकास दिसत नाही. याउलट, आज्ञावली सर्वांना वाचता यावी, बदलता यावी आणि दुसऱ्यास देता यावी, अशा हेतूने अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आज जगातील असंख्य यंत्रे या परंपरेतील सॉफ्टवेअरवर चालतात. आपल्या या चेन्नई शहराचाही त्यात वाटा आहे. ‘बॉस’ या नावाची भारतीय भाषांसह चालणारी लिनक्स प्रणाली सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने सिद्ध केली आणि २००७ साली ती लोकांपुढे आली. २०१५ साली तर भारत सरकारने आपल्या कार्यालयांसाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणच जाहीर केले.

अशा प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत एक सूचनापुस्तिका असते. कोणती कळ दाबली असता काय होते, अडचण आल्यास काय करावे, हे तीत लिहिलेले असते. ही पुस्तिका सदैव थोडी मागे राहते. आज्ञावली दर काही महिन्यांनी बदलते, पण तिचे वर्णन करणारे वाक्य जागच्या जागी राहते. ज्याने आज्ञावली लिहिली त्याला पुस्तिका वाचण्याची गरज नसते. ज्याला ती गरज असते तो नवशिका असतो आणि चूक आपलीच आहे असे समजून गप्प बसतो. चूक टिकून राहते ती अशी.

मराठी माणसाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध झाली. पुढे सुमारे तीन शतके तिच्या नकलांवरून नकला होत गेल्या. कोठे शब्द गळले, कोठे भलतेच शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी तिची शुद्ध प्रत तयार केली आणि पाठात कोणी पदरची भर घालू नये असेही बजावले. ज्यांनी स्वतः अपार ग्रंथरचना केली, त्या नाथांना दुसऱ्याच्या ग्रंथातील अपपाठ काढणे कमीपणाचे वाटले नाही. तमिळ भाषेसाठी असेच कार्य महामहोपाध्याय उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी केले. गावोगावची ताडपत्रे जमवून, पाठ ताडून त्यांनी १८८७ साली ‘जीवकचिंतामणी’ छापून प्रसिद्ध केला. ग्रंथ सर्वांचा असला की त्याची निगराणीही सर्वांवर येते, हे तत्त्व आपल्याला पूर्वापार ठाऊक आहे. यंत्राच्या पुस्तिकेला तेच लागू पडते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी मराठी टंकलेखन शिकविणारी एक मुक्त सूचनापुस्तिका माझ्या वाचनात आली. ‘दऱ्या’ हा शब्द लिहिण्यासाठी ‘द’नंतर अनुक्रमे ‘र’, हलन्त, ‘य’ आणि काना अशा कळा दाबाव्यात, असे तीत सांगितले होते. तसे करून पाहिले असता पडद्यावर उमटला तो ‘दर्या’! डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र आला. ही केवळ अक्षराच्या वळणाची बाब नव्हे. मंडळाच्या हिशेबात ‘आचार्यांना मानधन’ आणि ‘आचाऱ्यांना मानधन’ या दोन नोंदी आल्या, तर पहिली रक्कम व्याख्यात्यांची आणि दुसरी स्वयंपाक करणाऱ्यांची, हे चिटणिसांना निराळे सांगावे लागू नये.

हा आडव्या वळणाचा अर्धा ‘र’ लिहिण्यासाठी संगणकाच्या वर्णसंचात ‘ऱ’ हे नुक्ता असलेले अक्षर वापरतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते इंग्रजी ‘जे’च्या कळीवर, शिफ्टसह मिळते, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ‘ऱ्य’ साधतो. साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह देऊन तो काढण्याची दुसरीही रीत आहे. दोन्ही दिसायला सारखे, परंतु यंत्राच्या लेखी ते निराळे. एका रीतीने लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या रीतीचा सापडेलच असे नाही.

मौज अशी की, हे ‘ऱ’ अक्षर युनिकोडच्या तक्त्यात द्राविडी भाषांतील कठोर ‘र’ देवनागरीत लिहिण्यासाठी म्हणून नोंदविलेले आहे, आणि त्याच्याच अर्ध्या रूपाने मराठीची गरज भागते. तमिळमध्ये ‘अरम्’ म्हणजे कानस आणि ‘अऱम्’ म्हणजे धर्म. तिरुक्कुऱळच्या पहिल्या भागाचे नाव ‘अऱत्तुप्पाल्’, आणि तिरुवळ्ळुवरांचे वास्तव्य परंपरेने याच मैलापुरात मानले जाते. ज्या अक्षराने येथला धर्म कानशीपासून वेगळा होतो, त्याच अक्षराने आपल्या दऱ्या दर्यापासून वेगळ्या होतात. दोन शेजारी भाषांचे घरोब्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

असो. त्या पुस्तिकेतील ती एक ओळ बदलून मी पाठविली आणि सोबत चार ओळींचे कारण लिहिले. पुस्तिका सांभाळणाऱ्या गृहस्थांना मराठी येत नव्हते. त्यांनी नम्रपणे विचारले, की हिंदीत असे लिहीत नाहीत, मग हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न तर नाही ना? मी वरील शब्दांच्या जोड्या अर्थासह लिहून पाठविल्या आणि युनिकोडच्या तक्त्यातील नोंदीकडे लक्ष वेधले. थोड्याच दिवसांत दुरुस्ती स्वीकारली गेली. माझे श्रम तासाभराचे. परंतु त्यानंतर ती पुस्तिका उघडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पुण्याचा असो वा परदेशी वाढलेला आपला नातू असो, ती ओळ बरोबर मिळू लागली. नेपाळी लेखनातही हा अर्धा ‘र’ लागतो, तेव्हा त्या भाषेच्या एखाद्या वाचकाचेही काम कदाचित झाले असेल.

या कामाची रीत कचेरीत वावरलेल्या माणसाला लगेच उमगते. प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी केला, केव्हा केला, का केला आणि आधीची ओळ काय होती. टॉरवाल्ड्स यांनीच २००५ साली सुरू केलेल्या ‘गिट’ या साधनाने ही नोंदवही ठेवली जाते. आपल्या फायलीतील टिपणीची बाजूच ती! सूचना खालून येते, जबाबदार व्यक्ती तपासते, शंका विचारते, मान्य करते किंवा कारण देऊन परत पाठविते. फरक एवढाच की येथे हुद्दा कोणी विचारीत नाही. काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. सांगितलेली कृती आधी स्वतः करून पाहावी. एका वेळी एकच दुरुस्ती पाठवावी, म्हणजे तपासणाऱ्यास सोपे जाते. आपली शैली आवडते म्हणून दुसऱ्याची बरोबर वाक्ये बदलू नयेत. प्रकल्पाने ठरविलेल्या पारिभाषिक संज्ञा पाळाव्यात. त्या पटत नसल्यास चर्चा स्वतंत्रपणे करावी. आणि नकार आल्यास राग धरू नये, कारण सांभाळणारी व्यक्तीही बहुधा आपल्यासारखीच फावल्या वेळात हे काम करीत असते.

लहान दुरुस्तीचे मोल मोठ्या विद्वानांनीही जाणले आहे. संगणकशास्त्रावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिणारे डोनल्ड नूथ हे आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. कित्येकांनी तो वटविण्याऐवजी भिंतीवर टांगला. २००८ पासून धनादेशाऐवजी ते प्रमाणपत्र देतात.

बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येतो. या तमिळ भूमीत मराठी नवी नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो, आणि सरस्वती महालात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. त्याच परंपरेतील पुष्कळ घरांत मराठी आजही बोलली जाते, परंतु लिहिली जाते ती क्वचितच. व्यवहारातले लेखन सुटले की भाषा ओसरी सोडून माजघरात जाते. आज आपल्या मुलांचा व्यवहार यंत्रावर होतो. त्या यंत्रावरील मराठी चुकीची, अर्धवट किंवा न कळणारी असेल, तर मूल वाद घालीत बसत नाही. ते एक कळ दाबून इंग्रजीकडे वळते. पुन्हा मराठीकडे येत नाही. काही मुक्त प्रकल्पांत तर भाषांतर ठरावीक प्रमाणाखाली गेले की ती भाषा पुढील आवृत्तीतून वगळली जाते. त्यासाठी सभा होत नाही, ठराव होत नाही. यादीत नाव नसते, इतकेच.

म्हणून मंडळास एक सूचना करतो. महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. ज्येष्ठांनी भाषा पाहावी. शब्द योग्य आहे का, वाक्य कळते का, ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे का, हे सांगावे. तरुणांनी यंत्राची बाजू सांभाळावी आणि दुरुस्ती योग्य ठिकाणी पोहोचवावी. एका बैठकीत तीन ओळी सुधारल्या तरी पुरे. आजोबा आणि नात एका पडद्यासमोर बसून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांवर तासभर हुज्जत घालतील, हा लाभ वेगळाच. वर्गणी वा देणगी यांचा येथे प्रश्न नाही. चष्मा आणि चिकाटी एवढे भांडवल पुरते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांनी आपल्या काळच्या साधनांनी परमुलखात मराठीला जागा करून दिली. आपल्या काळची साधने निराळी आहेत, आणि त्यांच्या पुस्तिकांत अजून पुष्कळ ओळी वाचकाची वाट पाहत आहेत. पुढील महिन्यात पहिली बैठक भरल्यास मी कागद-पेन्सिल घेऊन हजर राहीन, एवढे आश्वासन देतो.